आजीची राखडी आणि नेवाशाचे न सापडलेले सोने

१.
गेल्या वैशाखात आमच्या घरातली एक राखडी आटवली गेली. राखडी म्हणजे वेणीच्या मुळाशी, डोक्याच्या मागच्या भागावर बसणारा सोन्याचा गोल दागिना. माझी आजी तो लग्नकार्यात अंबाड्यावर लावत असे. सराफाच्या काट्यावर तो दोन तोळ्यांना थोडा कमी भरला आणि अर्ध्या तासात मुशीत गेला. तो अर्धा तास मी दुकानात बसून एका जुन्या प्रश्नाचा विचार करीत होते. दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रमार्गे भारतात सोने येत होते, असे तेव्हाचे लेखक सांगतात. मग दख्खनच्या मातीत ते इतके क्वचित का सापडते? आजचा धागा त्या प्रश्नाचा आहे, आणि थोडा माझ्या आजीचाही.

२.
आमचे गाव नेवासे तालुक्यात, प्रवरेच्या काठी. नेवासे म्हटले की महाराष्ट्राला ज्ञानेश्वरी आठवते आणि पैस खांब आठवतो. पण त्याच गावात लाडमोड नावाचे पांढरीचे टेकाड आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. लहानपणी पहिला पाऊस झाला की आम्ही मुले तेथे खापरे वेचायला जात असू. आजी ओरडायची, "मेलेल्यांची भांडी घरात आणू नका गं." मग ती खापरे आम्ही उंबऱ्याबाहेर मांडून ठेवायचो. थरातून सुटलेले खापर आपली निम्मी साक्ष गमावते, हे कळण्याचे ते वय नव्हते. आज मी तेथे एकही खापर उचलत नाही. तुम्हीही उचलू नका.

३.
१९५४ साली डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया यांनी नेवाशात उत्खनन सुरू केले. त्यांच्याबरोबर शां. भा. देव, झेड. डी. अन्सारी आणि सोफी एर्हार्ट होते. १९६० साली अहवाल प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकाचा अर्थ 'इतिहासाकडून प्रागितिहासाकडे' असा होतो. वरून खाली खोदत जाणाऱ्या माणसाला काळ असाच उलटा भेटतो. वरच्या थरांत मध्ययुग, त्याखाली सातवाहनांचा काळ, त्याखाली ताम्रपाषाणयुगातले शेतकरी आणि नदीच्या जुन्या वाळूगोट्यांत आदिमानवाची दगडी हत्यारे. एवढा लांब पट एकाच गावात उलगडणे ही भारतीय पुरातत्त्वात मोठी घटना होती.

४.
यांपैकी ताम्रपाषाणयुगाच्या थरात एका लहान मुलाचे दफन सापडले. गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांबे गंजले आणि त्या गंजाने मण्यांच्या आतला दोरा जपून ठेवला. ए. एन. गुलाटी यांनी तो दोरा तपासला, तेव्हा त्यात कापसाबरोबर रेशीमही आढळले. इसवी सनापूर्वी हजार वर्षांहून जुन्या काळात प्रवरेकाठच्या एका घराने आपल्या लेकराबरोबर ही माळ मातीत ठेवली होती. हा तपशील लक्षात ठेवा. दागिना मेलेल्या माणसाबरोबर जातो की मागे राहिलेल्यांकडे येतो, यावर पुढची सगळी गोष्ट उभी आहे.

५.
आता वरच्या थरात येऊ. इसवी सनाच्या आगेमागेच्या दोन-तीन शतकांच्या थराला उत्खननकर्त्यांनी 'इंडो-रोमन' असे नाव दिले. कारण तेथे भूमध्य सागराकडच्या मद्यकुंभांची खापरे मिळाली. हे उंच, दोन कानांचे, निमुळत्या बुडाचे कुंभ जहाजात एकमेकांना टेकवून रचत असत. पुढे रॉबर्टा टॉम्बर यांनी भारतातल्या अशा खापरांचा फेरअभ्यास केला आणि 'रोमन' समजली गेलेली बरीच खापरे मेसोपोटेमियातल्या कुंभांची असल्याचे दाखवले. त्यांना आतून डांबर फासलेले असे. म्हणजे हा व्यापार केवळ रोम आणि भारत यांच्यातला नव्हता. इराणचे आखात, अरबस्तान, तांबडा समुद्र, सगळेच त्यात होते.

६.
समुद्रापासून इतक्या आत हे कुंभ कसे आले? पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नावाची सागरी मार्गदर्शिका लिहिली. तिच्यात बारिगाझा म्हणजे आपले भरूच, त्याच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातले तेर, असा उल्लेख आहे. पैठणहून गोमेदासारखे दगड आणि तगरहून कापड गाड्यांवर लादून बंदराकडे जाई, तेही वाट नसलेल्या मुलखातून, असे तो लिहितो. प्रवरासंगमापासून गोदावरीच्या प्रवाहाबरोबर उतरत गेले की पैठण येते. आज मध्ये जायकवाडीचा जलाशय पसरला आहे. नेवासे या मुलखातच होते.

७.
दुसरी वाट पश्चिमेची. जुन्नरवरून नाणेघाट उतरला की कल्याण आणि शूर्पारक, म्हणजे सोपारा, ही बंदरे. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा मानला जाणारा लेख आहे. त्यात यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि हजारो कार्षापणांची यादी आहे. त्याच लेण्यात राजघराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या. मूर्ती आज नाहीत. वर कोरलेली नावे आहेत आणि खाली पावलांच्या खुणा. राणीने डोक्यावर काय घातले होते ते पाहायला मी कॉलेजात असताना तेथे गेले होते. हाती लागली ती केवळ अक्षरे.

८.
या बंदरांतून सोने येत होते काय? पेरिप्लसमध्ये भरूचला उतरणाऱ्या मालाची यादी आहे. इटलीची मदिरा, तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच आणि सोन्या-चांदीची नाणी. ही नाणी स्थानिक चलनात बदलली की नफा होतो, असेही तो सांगतो. त्याच शतकात रोमन लेखक प्लिनी तक्रार करतो की भारत दर वर्षी पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो आणि चीन व अरबस्तान धरले तर हा आकडा दहा कोटींवर जातो. आमच्या बायकांची आणि आमची चैन आम्हाला एवढ्याला पडते, असा त्याचा सूर आहे.

९.
एक साधा हिशेब करू. शंभर सेस्टर्स म्हणजे एक ऑरियस, हे रोमचे सोन्याचे नाणे. तिबेरियसच्या काळात त्याचे वजन पावणेआठ ग्रॅमच्या आसपास होते. पाच कोटी सेस्टर्स म्हणजे पाच लाख ऑरियस, म्हणजे पावणेचार टनांहून अधिक सोने. प्लिनी नीतीचे धडे देणारा लेखक आहे, त्यामुळे त्याचा आकडा शब्दशः घेऊ नये. शिवाय सगळी किंमत सोन्यातच चुकती होत नव्हती. पण त्याचा दहावा भाग धरला तरी दर वर्षी पावणेचारशे किलो होतात.

१०.
रोमन सोन्याचे निधी भारतात सापडले आहेत, पण प्रामुख्याने दूर दक्षिणेत आणि आंध्रात. महाराष्ट्रात, जेथे भरूच, सोपारा आणि कल्याणकडे जाणाऱ्या वाटा होत्या, तेथे ते अगदी विरळ आहेत. सातवाहनांनी स्वतः सोन्याची नाणी पाडली नाहीत. त्यांची नाणी शिशाची, तांब्याची, पोटिनची आणि थोडी चांदीची. मग आलेले सोने गेले कोठे? अभ्यासकांचे एक उत्तर असे की ते आटवले गेले आणि त्याचे दागिने झाले. ही वाट आपल्या घरात आजही चालू आहे, म्हणून मला हे उत्तर पटते.

११.
दागिने नाहीत, पण त्यांची चित्रे आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवरची दांपत्ये पाहा. स्त्रियांच्या डोक्यावर पट्टे आहेत आणि कपाळावर उतरणारी आभूषणे आहेत. पुरुषांच्या फेट्यांना मोठ्या गाठी आहेत. त्याच चैत्यातले काही खांब धेनुकाकट नावाच्या गावच्या यवनांनी दान दिले आहेत, असे त्यांवरचे लेख सांगतात. यवन म्हणजे ग्रीक वा पश्चिमेकडचे लोक. शिल्पातले शिरोभूषण आणि खांबावरचे परदेशी नाव एकाच छताखाली आहे. पुढच्या वेळी लोणावळ्याला गेलात तर थोडा वेळ त्या भिंतीसमोर उभे राहा.

१२.
आणखी एक चित्र थेट इटलीत सापडले. १९३८ साली पोम्पेईच्या एका घरात हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती मिळाली. जेमतेम पाव मीटर उंचीची, दोन बाजूंना दोन छोट्या दासी, अंगभर दागिने आणि डोक्यावरही. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेत ते घर गाडले गेले, म्हणजे मूर्ती त्याआधीच समुद्र ओलांडून गेली होती. तिच्याशी साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती कोठे सापडल्या? जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि आपल्या तेरला. दख्खनच्या बाईचा साजशृंगार रोमन घराला हवासा वाटत होता आणि रोमचे सोने दख्खनच्या बाईला.

१३.
तेर आणि तेलंगणातले कोंडापूर येथे आणखी एक नवलाची वस्तू मिळते, ती म्हणजे भाजक्या मातीच्या चकत्या. त्यांवर रोमन नाण्यांवरच्या मुद्रांची, अनेकदा तिबेरियसची, नक्कल आहे आणि त्या गळ्यात घालण्यासाठी त्यांना भोक किंवा कडी आहे. ज्याला खरे नाणे परवडत होते, तो त्याचे पदक करून घालत असावा. ज्याला परवडत नव्हते, त्याने मातीचे घातले. खरी नाणी आटून गेली. मातीला आटवून कोणाला काही मिळत नव्हते, म्हणून ती उरली.

१४.
हीच हौस पूर्वेलाही दिसते. व्हिएतनामच्या दक्षिणेला मेकाँगच्या मुखाजवळ ओक-एओ नावाचे प्राचीन नगर आहे. लुई मालरे यांनी १९४४ साली तेथे उत्खनन केले. तेथे अँटोनायनस पायस आणि मार्कस ऑरेलियस या रोमन सम्राटांच्या मुद्रांची सोन्याची पदके मिळाली. आपल्या जातककथांतले व्यापारी ज्या दिशेला सुवर्णभूमी शोधत जात, ती हीच दिशा. थायलंडमधल्या खाओ साम काएओ येथे भारतीय तंत्राने घडवलेले गोमेद-अकीकाचे मणी मिळाले आहेत. भूमध्य सागरापासून मेकाँगपर्यंतच्या या साखळीत दख्खन मधोमध होते. सातवाहनांच्या काही नाण्यांवर दोन डोलकाठ्यांची जहाजे आहेत ती उगाच नव्हेत.

१५.
खरे सोन्याचे शिरोभूषण पाहायचे असेल तर उत्तर अफगाणिस्तानात जावे लागते. टिल्या टेपे, म्हणजे 'सोन्याची टेकडी', येथे १९७८ साली व्हिक्टर सारियानिदी यांना पहिल्या शतकातली सहा दफने सापडली आणि त्यांत वीस हजारांहून अधिक सुवर्णवस्तू. एका स्त्रीच्या डोक्यावर सोन्याचा मुकुट होता. त्याची झाडाच्या आकाराची पाने पट्ट्यावरून सुटी करता येतात. फिरस्त्या माणसाला सामान बांधायला सोयीचे. दुसऱ्या एका दफनात तिबेरियसचे सोन्याचे नाणे होते आणि हस्तिदंताची कंगवी, बहुधा भारतीय. ज्या मालाविषयी पेरिप्लस बोलतो तो येथे हाताला लागतो, कारण येथे माणसे सोन्यासह पुरली गेली.

१६.
महाराष्ट्रातही सोने एका ठिकाणी असेच थांबून राहिले. १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उघडला. आत दगडी पेटी होती. तिच्यात तांबे, चांदी, दगड, स्फटिक आणि सोने अशा एकात एक ठेवलेल्या करंड्या होत्या आणि सर्वांत आतल्या सोन्याच्या करंडीत मातीच्या भांड्याचे छोटे तुकडे होते, बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले. बरोबर सोन्याची फुले होती आणि यज्ञ सातकर्णीचे चांदीचे नाणे. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहे. त्या फुलांची छायाचित्रे प्रथम पाहिली तेव्हा मला अंबाड्यावरची फुलेच आठवली.

१७.
आता प्रश्नाकडे परत येऊ. टिल्या टेपेचे सोने कबरीत गेले, सोपाऱ्याचे स्तूपात. दोन्हीकडे कोणीतरी त्यावरचा हक्क कायमचा सोडला होता. नेवाशात, पैठणात, तेरमध्ये सातवाहन काळातल्या बाईने तो सोडला नसावा. तिचे शिरोभूषण सुनेकडे गेले, तिने ते आटवून दुसरे केले, ते लेकीकडे गेले. सोने पिढ्यांच्या हातांतून फिरत राहिले आणि प्रत्येक वेळी त्याचा मागचा आकार पुसला गेला. नेवाशाच्या पांढरीत हे सोने शोधताना आपण चुकीच्या जागी पाहतो आहोत, असे मला वाटू लागले आहे.

१८.
आजीला मी कधीतरी विचारले होते की राखडी कोणी घडवली. ती म्हणाली, "सासूबाईंची पुतळ्यांची माळ होती. बाहत्तरच्या दुष्काळात निम्म्या पुतळ्या गेल्या. सहा उरल्या. सहा पुतळ्यांची माळ काय शोभणार? मग राखडी करून घेतली." तेव्हा मी हे नुसते ऐकून घेतले. पुढे नाण्यांविषयी वाचताना 'पुतळी' हा शब्द समोर आला आणि मी थबकले.

१९.
व्हेनिसने १२८४ साली डुकाट हे सोन्याचे नाणे पाडायला सुरुवात केली. वजन साडेतीन ग्रॅम, सोने जवळजवळ शुद्ध, आणि त्यावर संत मार्कसमोर गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख. मिरी, मसाले आणि कापड यांच्या बदल्यात ही नाणी इजिप्त आणि तांबड्या समुद्रावरून भारतात येत राहिली. आपल्या लोकांनी त्यावरच्या माणसांच्या आकृत्या पाहिल्या आणि नाव ठेवले 'पुतळी'. पुढे आपल्या सोनारांनी त्या घाटाच्या चकत्या स्वतः घडवल्या, त्यांवर आपल्या देवता उमटवल्या आणि पुतळ्यांची माळ घरोघर गेली. तेरच्या मातीच्या चकत्यांनंतर हजारभर वर्षांनी तीच गोष्ट पुन्हा घडली. समुद्रावरून नाणे आले आणि बाईने ते अंगावर घातले.

२०.
आमच्या सहा पुतळ्या व्हेनिसच्या होत्या की नगरच्या एखाद्या सोनाराच्या, हे आता कोणीच सांगू शकत नाही; त्या बाहत्तरनंतर आटल्या. राखडीही तशीच जाणार, हे मला सोसवेना. पण चुलत बहिणीचे लग्न ठरले होते आणि आजीने दोघी नातींना सारखे द्यायचे ठरवले होते. मी म्हटले, राखडी अखंड ठेवू. बहीण म्हणाली, "मग निम्म्या सोन्याची किंमत मला दे." तिचे काहीच चुकत नव्हते. आजच्या दराने ती रक्कम माझ्या चार महिन्यांच्या पगाराएवढी होत होती आणि ती माझ्यापाशी नव्हती.

२१.
मी आजीला म्हणाले, "आजी, हा इतिहास आहे." ती हसली. "मग मी काय केलं होतं? सासूबाईंच्या पुतळ्याच आटवल्या ना? त्यांनी कुणाचं काय आटवलं होतं ते त्यांनाच ठाऊक. सोनं पोरीबाळींच्या अंगावर पाहिजे गं, तुझ्या पुस्तकात राहून काय करायचंय त्याला?" मला उत्तर सुचले नाही. अजून सुचलेले नाही. ज्या रीतीने सातवाहनांच्या बाईचा दागिना नाहीसा झाला, ती रीत माझ्यासमोर स्वयंपाकघरात बसून लसूण सोलत होती आणि तिचा माझ्यावर जीव होता.

२२.
आदल्या रात्री मी गणपतीची उरलेली शाडूची माती मळली आणि राखडी दोन्ही बाजूंनी तिच्यात दाबली. पट्टीने मोजली, चार सेंटिमीटर. छायाचित्रे घेतली. भिंगातून पाहताना मागच्या बाजूला दोन ठिकाणी डाक दिल्याच्या खुणा दिसल्या, म्हणजे ती दोनदा दुरुस्त झाली होती. आजीलाही ते आठवत नव्हते. मग वहीत लिहिले: सहा पुतळ्यांपासून घडवलेली, आजीने पन्नासएक वर्षे वापरलेली, मागे दोन डाक. दुसऱ्या दिवशी ती मुशीत गेली. आता निम्मे सोने बहिणीच्या हातात आहे, निम्मे माझ्या. शाडूचे दोन ठसे माझ्या टेबलावर आहेत. तेरच्या मातीच्या चकत्या मी आता वेगळ्या नजरेने पाहते.

२३.
तुम्हा सगळ्यांना एक विनंती. संग्रहालयात जा, अहवाल वाचा. पण त्याआधी घरातले कपाट उघडायला सांगा. पुतळी, मोहर, केतक, मूद, नाग, चंद्रकोर, जे असेल त्याचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्या. वजन लिहा, माप लिहा, कोणी कधी घातले ते लिहा आणि मुख्य म्हणजे ते कशाचे आटवून केले, हे विचारा. दागिना मोडू नका, असे सांगण्याचा अधिकार मला नाही. मी स्वतः मोडलेल्या दागिन्याची बांगडी घातली आहे. पण मोडण्याआधी पंधरा मिनिटे त्याला द्या. आणि पुतळ्या आटवलेली एखादी आजी तुमच्या घरी असेल, तर तिला आजच विचारा. तिने जे सांगितले ते येथे लिहा. मी वाट पाहते आहे.